मोहनने मागितलेला डबा

मोहनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं प्रल्हाद खांबेटे स्वतःशी म्हणत, तेव्हा ते खोटं आहे हेही त्यांना ठाऊक असे. राहून जायला माणसाला दुसरी कामं असावी लागतात. मुलगी राधिका आणि जावई संजीव ऑफिसला, नात अबोली शाळेला गेली की डिशवॉशर रिकामा करायचा, दुपारी चालत अमेरिकेतल्या या कॅरी गावच्या वाचनालयात जाऊन बसायचं, यापलीकडे त्यांच्या दिवसात काही नव्हतं. उत्तर राहून गेलं नव्हतं. त्यांनीच ते रोज उद्यावर ढकललं होतं. पत्र आलं तेव्हा दोन हजार सहाची दिवाळी नुकतीच सरली होती, आणि आता गुढीपाडवा जवळ आला होता.

मोहन चौगुले हा त्यांचा मिरजेचा, शाळेपासूनचा मित्र. पुढे एक जण कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटला आणि दुसरा शाळेत पीटीचा मास्तर झाला. प्रल्हादांना जन्मात कधी धड सूर्यनमस्कार घालता आला नाही, आणि मोहनने धड्याबाहेरचं पुस्तक कधी उघडलं नाही. त्यामुळे दोघांचं कधी बिनसलंच नाही. आता मोहनला ऐकू येत नव्हतं. फोनवर तो नुसता हॅलो हॅलो करी आणि पलीकडचा माणूसच मुद्दाम हळू बोलतोय असं समजून रागाने ठेवून देई. म्हणून तो पत्रं लिही.

या पत्रात त्याने नातीबद्दल लिहिलं होतं. निधी सतरा वर्षांची होती, वेटलिफ्टिंग करायची, राज्यातून निवडून आली होती आणि आता राष्ट्रीय स्पर्धेसाठी तयारी चालली होती. तिचा ट्रेनर मुलींना एका पांढऱ्या बरणीतली पावडर द्यायचा. बरणीवर नुसतं 'प्रोटीन' एवढंच चिकटवलेलं. 'ती घेतली की छातीत धडधडतं म्हणते, झोप लागत नाही,' असं मोहनने लिहिलं होतं. 'तो म्हणतो, सवय होईल. तू वाचलेला माणूस आहेस, तुझा जावई औषधाच्या कंपनीत आहे. तिकडचा चांगला डबा कोणता ते बघ आणि कुणाबरोबर तरी पाठव. तू सांगशील ते तिला देईन. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.'

ते शेवटचं वाक्य नसतं तर प्रल्हादांनी त्याच आठवड्यात काहीतरी लिहून टाकलं असतं. पण आपल्या शब्दावर कुणी अवलंबून आहे म्हटलं की त्यांचे शब्द पळून जात. ग्रंथालयात असतानाही कुणी विद्यार्थ्याने 'सर, यातलं चांगलं पुस्तक कोणतं' असं विचारलं, तर ते सगळीच पुस्तकं काढून त्याच्यासमोर ठेवत आणि आपण कपाटाआड जात.

आताही त्यांनी तेच केलं. कॅरीच्या वाचनालयात खेळाडूंच्या आहारावर जे जे होतं ते वाचायला काढलं. एक पुस्तक म्हणे, खेळाडूला प्रथिनं इतरांहून पुष्कळ जास्त लागतात. दुसरं म्हणे, पोटभर जेवणाऱ्याला ती ताटातूनच मिळतात. कुठे दुधापासून काढलेलं उत्तम, कुठे सोयाबीनचं, कुठे अंड्याचं. जे पुस्तक हातात असे ते प्रल्हादांना खरं वाटे. घरी येऊन ते कागद घेत, 'प्रिय मोहन, तुझं पत्र मिळालं' असं लिहीत, आणि तिथेच गाडी अडे.

शिवाय डब्याचा प्रश्न होताच. अमेरिकेला गेलेल्या माणसाने मिरजेला वस्तू पाठवायची असते, उपदेश नाही. नुसता सल्ला पाठवला तर चौगुल्यांच्या आळीत लोक म्हणतील, खांबेटे तिकडे जाऊन बसले पण एक डबा त्यांच्याच्याने निघाला नाही. आणि डबा पाठवला, त्यात भलतंच काही निघालं तर? राष्ट्रीय स्पर्धेत मुलींची तपासणी होते. एवढ्याशा पोरीची सगळी मेहनत आपल्या हाताने पाण्यात जाईल. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला की ते पत्र पुन्हा घडी घालून ठेवत. असं ते घोंगडं भिजत पडलं होतं.

जानेवारीत घरातच डब्याचा विषय निघाला. सोळा वर्षांची अबोली क्लबच्या टीममध्ये पोहायची. उजाडायच्या आत पूलवर जायची आणि दिवसभर तिच्या केसांना क्लोरीनचा वास यायचा. एका रात्री जेवताना तिने मला प्रोटीन पावडर हवी म्हणून जाहीर केलं. टीममधल्या सगळ्या जणी घेतात.

"सगळ्या जणी विहिरीत उडी मारतील," राधिका म्हणाली.

"वी ऑलरेडी जम्प इन अ पूल, मॉम."

संजीवला हसू आलं आणि राधिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने भाताबरोबर गिळलं. मग तो जरा गंभीर होऊन बोलला. त्याचं काम औषधं तपासण्याच्या विभागात. "आमच्याकडे एक गोळी बाहेर पडायच्या आधी कागदांचा डोंगर होतो," तो म्हणाला. "या डब्यांना विकायच्या आधी कुणी विचारत नाही. आत काय आहे ते कंपनी सांगते आणि आपण मानतो." काही कंपन्या बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतात आणि तसा शिक्का डब्यावर छापतात, हेही त्याने सांगितलं. पण शिक्का असला म्हणजे डबा आपल्याला हवाच आहे असं थोडंच ठरतं.

वाद काही मिटेना. शेवटी राधिका वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही नोव्हेंबरपासून याच विषयावर वाचताय ना? मग तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते फायनल."

ते कशासाठी वाचत होते हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि कढी जास्त वाढून घेतली.

मग एका शनिवारी अबोलीने त्यांना मॉलमधल्या दुकानात नेलं. लायसन्स नवं होतं, त्यामुळे वळणापाशी दोघंही श्वास रोखून धरत. दुकानात रंगाच्या डब्यांएवढे मोठाले डबे छतापर्यंत रचलेले, आणि प्रत्येकावर एकेका पहिलवानाचं चित्र. काउंटरवरच्या मुलाची मान त्याच्या डोक्याएवढीच रुंद होती. कोणासाठी हवंय, असं त्याने अदबीने विचारलं, तेव्हा ते आपल्यालाच हवंय असं त्याला वाटतंय की काय, या शंकेने प्रल्हाद कानापर्यंत लाल झाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या फडताळाच्या डाव्या टोकापासून डबे वाचायला सुरुवात केली. मागची बाजू, बारीक अक्षरं, सगळं. अबोली आधी लांब जाऊन उभी राहिली. तिच्या शाळेतलं कुणी आत आलं तर हे आजोबा आपले नाहीत असं सांगता येईल एवढ्या अंतरावर. मग कंटाळून जवळ आली.

"आजोबा, लोक हे वाचत नाहीत."

"मग निवडतात कसा?"

"दे लुक अॅट द गाय." तिने चित्रातल्या पहिलवानाकडे बोट केलं.

प्रल्हादांनी त्या पहिलवानाकडेही नीट पाहिलं, आणि मग पुन्हा बारीक अक्षरांकडे वळले. थोड्या वेळाने अबोली दुसरं टोक धरून वाचू लागली. काही डब्यांवर घटक ओळीने दिले होते. काहींवर मात्र नुसतं एक भारदस्त नाव होतं, त्यापुढे 'मिश्रण' असा शब्द, आणि मिश्रणात काय किती ते नाही. प्रल्हादांनी काउंटरवरच्या मुलाला त्याचा अर्थ विचारला. ते कंपनीचं गुपित असतं, तो म्हणाला. "पण गुपित असेल तर मी निवडू कशावरून?" हे त्यांनी इतक्या खऱ्या अडचणीने विचारलं, की त्या मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून कबूल केलं, की मलाही माहीत नाही, सर.

काही न घेताच ते बाहेर पडले. अबोली रागावली नव्हती. गाडीत बसताना तिनेच सांगितलं, की टीममधल्या बऱ्याच जणी व्हे घेतात.

"हे व्हे म्हणजे नेमकं काय गं?" बहुतेक डब्यांवर तो शब्द होता. पुस्तकांतही त्यांनी तो पन्नासदा वाचला होता, पण शब्दामागे वस्तू कधी दिसली नव्हती.

"चीज करताना जे पाणी उरतं ना, ते. कोच टोल्ड अस."

"पाणी? म्हणजे चक्का बांधल्यावर खाली गळतं तसं?"

"आय गेस."

प्रल्हाद सीटमध्ये ताठ बसले. चक्क्याचं पाणी! म्हणजे जे त्यांची आई कणीक भिजवायला घ्यायची, राधिका अजून घेते, आणि उरलं तर सिंकमध्ये ओतते, ते हे लोक डब्यात भरून विकतात. आणि आपण महिनोन्महिने पुस्तकं चाळत बसलो.

त्या दिवसापासून त्यांच्यात एक वेगळाच माणूस संचारला. ते रोज दही लावू लागले. स्वयंपाकघरातल्या नळाला पंचा बांधलेला, खाली पातेलं. गळलेलं पाणी ते मीठ, जिरेपूड घालून अबोलीला देत. चक्क्याचं श्रीखंड होई. ते खाऊन खाऊन संजीव टेकीला आला. "दुधाची तहान ताकावर ऐकलं होतं," तो म्हणाला, "बाबा त्याच्याही खाली उतरले."

पाण्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, तिचं त्यांना स्वतःला फारसं महत्त्व वाटलं नाही. अबोली घरी आली की ते विचारत, आज काय खाल्लंस. शाळेत ती दुपारी फ्राइज आणि एक सफरचंद खाते, आणि पूलवर जायच्या आधी काहीच खात नाही, हे असं कळलं. मग ते तिला डबा भरून देऊ लागले. उकडलेली अंडी, मटकीची उसळ पोळीत गुंडाळून, दाण्याचे लाडू. लाडू टीममधल्या मुलींनी पळवले, तेव्हा दुप्पट करावे लागले. महिन्याभरात अबोलीची पोहण्याची वेळ सुधारली. कोचने पाठ थोपटली. प्रल्हाद मनातल्या मनात म्हणाले, पाणी लागू पडलं.

आणि उत्तर सुचलं. चार महिने अडलेलं पत्र सरसर पुढे गेलं. 'मोहन, तुला डब्याची गरजच नाही. डबा तुझ्या स्वयंपाकघरात आहे.' पानांमागून पानं. चक्का कसा बांधायचा, पाणी किती द्यायचं, कधी द्यायचं. आयुष्यात इतक्या ठामपणे त्यांनी काही लिहिलं नव्हतं. अजून शेवट करायचा होता, तेवढ्यात हर्नडन या अमेरिकेतल्याच गावाहून यतीनचा फोन आला. यतीन हा मोहनचा भाचा, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये होता.

"काका, मी पुढच्या आठवड्यात इंडियाला चाललोय. मामाचं फर्मान आहे, प्रल्हादकडून डबा घेतल्याशिवाय तोंड दाखवू नको. बॅगेत जागा ठेवलीय, पण जंबो साइज नको यार, वेट लिमिट आहे."

प्रल्हादांनी सांगितलं, की डबा नाही, पण त्याहून चांगलं सापडलंय, ते पत्राने कळवतो.

मग यतीन नुसतं "बरं" म्हणाला. त्या एका 'बरं'मध्ये प्रल्हादांना सगळी मिरज ऐकू आली. पण त्यांना आता पर्वा नव्हती. शनिवारची अबोलीची मीट, म्हणजे पोहण्याची स्पर्धा, झाली की तिचा निकाल शेवटी लिहायचा आणि पत्र टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्या मीटमधून राज्य पातळीवर जायचं होतं. शनिवारी सकाळी प्रल्हादांनी नेहमीपेक्षा मोठा ग्लास भरला. आजचा दिवस मोठा, म्हणून काठोकाठ. अबोलीने ग्लासकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि एका दमात संपवला.

तिची शर्यत लांब पल्ल्याची होती. निम्म्यापर्यंत ती दुसरी होती. राधिका उभी राहून ओरडत होती, आणि ओरडायची सवय नसलेले प्रल्हाद हातातल्या कागदाची सुरळी करून मांडीवर आपटत होते. मग एका वळणाला अबोली भिंतीशी थांबली. पोट धरून. पुन्हा निघाली, पण ती आता पोहत नव्हती, नुसती पोचत होती. बाकीच्या मुली पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या तेव्हा ती शेवटच्या भिंतीला टेकली. राज्याची संधी आता थेट उन्हाळ्यात.

घरी आल्यावर संजीव त्यांच्याजवळ येऊन बसला. तो हळू बोलत होता. त्या पाण्यात प्रोटीन नावापुरतंच असतं, त्याने सांगितलं. कारखान्यात टाकीच्या टाकी पाणी गाळून आटवतात तेव्हा कुठे डबाभर पावडर होते. आपल्या ग्लासात राहते ती मुख्यतः दुधातली साखर. एवढी रिकाम्या पोटी घेऊन पोहलं, की पोटात कळ यायचीच. "मीच आधी नीट सांगायला हवं होतं, बाबा. मला वाटलं, तुमची गंमत चाललीय." त्याने एकदाही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर प्रल्हादांना बरं वाटलं असतं.

ते आपल्या खोलीत गेले आणि पत्राची सगळी पानं फाडली. एका पोरीला बुडवलंस, उद्या दुसरीला बुडवणार होतास. आता मोहनला काही म्हणजे काही लिहायचं नाही. उत्तर न देणारा मित्र वाईट, पण चुकीचं उत्तर देणाऱ्याहून बरा.

संध्याकाळी दार किंचित ढकलून अबोली आत आली. केस अजून ओले होते. ती खाली कार्पेटवर बसली, त्यांच्या पायांशी.

"आजोबा, यू मॅड अॅट मी?"

"मी? तुझ्यावर?" प्रल्हाद तिच्याकडे वाकले. "तुझं पोट सकाळपासूनच दुखत होतं का गं?"

"थोडं वियर्ड होतं. ते पाणी प्यायचं नव्हतं मला."

"मग का प्यायलीस?"

तिने खांदे उडवले. "तुम्ही इतके हॅपी होता."

अबोली कार्पेटचे धागे ओढत बसली. मग म्हणाली, की डबा बंद करू नका हं. लाडूंचा. टीममधल्या जेनीने सोमवारसाठी आत्ताच सांगून ठेवलंय. आणि मला दुसरं कुणी विचारत नाही काय खाल्लंस ते. मॉम विचारते, जेवलीस का. नुसतं यस म्हटलं की झालं.

तिला काय वाटलं कोण जाणे, तिने फाटलेल्या पानांकडे बोट करून ते काय म्हणून विचारलं. आणि इतके महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते प्रल्हादांनी या पोरीला सांगितलं. तिला हाताने भरभर लिहिलेलं मराठी वाचता यायचं नाही, म्हणून मोहनचं पत्र काढून वाचून दाखवलं. वाचताना ते डब्याच्या मजकुरापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, की बघ, हे ठरवायचं होतं, कोणता डबा चांगला. ते मला जमलं नाही.

अबोली मात्र त्याच्या आधीच्याच ओळीवर थांबली होती. "धडधडतं म्हणजे हार्ट रेसिंग ना? इज शी ओके?"

"कोण?"

"ती मुलगी. निधी."

प्रल्हादांनी पत्राकडे पाहिलं. ती ओळ तिथेच होती, इतके महिने तिथेच होती. डबा कोणता, शिक्का कोणता, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांनी त्या ओळीच्या डोक्यावर रचलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"पण आजोबा, इट्स मार्च."

तिनेच फोनकार्डावरचे आकडे दाबले आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. मिरजेत रविवारची पहाट होती. मोहनची सून शोभा, निधीची आई, तिने फोन उचलला. काकांचा आवाज ओळखून तिला आधी भरूनच आलं. बाबा रोज पोस्टमनला हटकतात, ती म्हणाली. प्रल्हादांनी कसंबसं निधीचं विचारलं.

"बरी आहे. धडधड कमी आहे, पण आहे. बाबांनी तेव्हाच सांगून ठेवलं तिला, प्रल्हादचं उत्तर येईपर्यंत अर्धाच चमचा घे. पूर्ण सोडलास तर ट्रेनर ओरडेल, पूर्ण घेऊ नको. तेव्हापासून अर्धा चमचा चाललाय, काका."

अर्धा चमचा. ते वाचनालयात पानं उलटत होते, पंचात दही बांधत होते, आणि तिकडे एक मुलगी रोज त्यांच्या नावाने अर्धा चमचा घेत होती.

"शोभा," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, "तो आजपासून पूर्ण बंद करायचा. अर्धा नाही, पाव नाही. उद्या तिला डॉक्टरांकडे ने, आणि ती बरणी बरोबर ने."

सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणाला 'कर' म्हटलं नव्हतं. 'केलं तर बरं होईल' म्हणत आले होते.

शोभा म्हणाली, मलाही तेच वाटत होतं, पण माझं कोण ऐकतंय. उद्या नेतेच. मात्र बाबांना तुमच्या हातचं लिहिलेलं लागेल. फोनवर म्हणाले म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. तेवढ्यात तिकडे खुडबुड झाली, कुणीतरी रिसीव्हर हिसकावून घेतला, आणि मोहनचा खणखणीत आवाज आला. "हॅलो. पत्र पाठव." आणि फोन ठेवला गेला.

प्रल्हाद हसले की रडले ते अबोलीला नीट कळलं नाही. तिने रिसीव्हर त्यांच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला.

रविवारी सकाळी ते लिहायला बसले. पत्र एकाच पानाचं झालं.

'प्रिय मोहन, निधीने ती पावडर पुन्हा घेऊ नये. बरणीत काय आहे ते बरणीवर लिहिलेलं नाही, आणि ज्याचा पत्ता लागत नाही ते तिच्या पोटात जाऊ नये. उद्या स्पर्धेत तपासणीत काही निघालं तर शिक्षा ट्रेनरला नाही, तिला होईल. त्याला माझं नाव सांग, हवं तर हे पत्र दाखव.

'मी डबा पाठवत नाही. इथे डबे पुष्कळ आहेत. काही बाहेरच्या लॅबने तपासलेले असतात, त्यातला एखादा चांगलाही असेल. पण निधीला तो लागतो की नाही हेच मला माहीत नाही. ते आधी डॉक्टरांना विचारा. कमी पडतंय असं ते म्हणाले, तर संजीवला बरोबर घेऊन मी डबा निवडीन आणि पाठवीन. तोपर्यंत तू रोज तिला विचार, आज काय खाल्लंस. जेवलीस का असं नको विचारूस, त्याला पोरी हो म्हणतात. काय खाल्लंस ते विचार, आणि दूध, अंडी, उसळी, दाणे यातलं जे राहिलं असेल ते दे.

'मी माझ्या नातीला चक्क्याचं पाणी पाजून शर्यतीत शेवटी आणलं. ती हकीगत पुढच्या पत्रात, तू हसशील म्हणून. खात्रीचं उत्तर सापडेपर्यंत मी गप्प बसलो, आणि तेवढ्यात चार महिने गेले. खात्री अजून नाही. जेवढं कळतं तेवढं लिहिलं आहे. तुझा, प्रल्हाद.'

खाली अबोलीने जागा मागून घेतली आणि महाराष्ट्र मंडळाच्या वर्गात शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हाय निधी. मी अबोली. मी लास्ट आले. तू पावडर नको घेऊ. मला ईमेल कर.'

यतीनलाही त्यांनी फोन केला आणि डबा खरंच नाही असं सांगितलं. यतीन म्हणाला, मामा मला धारेवर धरणार. "सांग, मी पाठवला नाही," प्रल्हाद म्हणाले. "जे म्हणायचं ते मला म्हणू दे."

दुपारी अबोलीने त्यांना पोस्टापाशी नेलं. रविवारमुळे पोस्ट बंद होतं, पण बाहेर निळी पेटी होती. प्रल्हाद तिच्यासमोर उभे राहिले. तिकिटं पुरेशी लावलीत ना, पिनकोड बरोबर आहे ना, ट्रेनरबद्दल लिहिलंय ते जरा सौम्य करायला हवं होतं का. पाकीट त्यांनी दोनदा उलटंपालटं केलं. गाडीत अबोली गाणी लावून बसली होती. तिने हॉर्न वाजवला नाही.

त्यांनी झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं आणि झाकण बंद केलं. मग ते अडकून तर राहिलं नाही ना म्हणून पुन्हा उघडून पाहिलं. पत्र आत पडलं होतं.